व्याख्येबाहेरची माय

२८ जुलै १९२८. मुंबई कायदे कौन्सिलात एक बिल चर्चेला आलं होतं. कारखान्यात राबणाऱ्या बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर काही आठवडे सुट्टी मिळावी, आणि त्या सुट्टीत तिच्या हातात चार पैसे पडावेत, एवढीच त्या बिलाची मागणी. धंद्याला हा बोजा झेपणार नाही, अशी मालकांच्या बाजूची ओरड. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बिलाच्या बाजूनं उभे राहिले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. बाळंतपणाच्या आगंमागं आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारनं उचलावा. पण बाईच्या श्रमावर मालक नफा कमावतो, तेव्हा त्यालाही अंग काढून घेता येणार नाही.

हे पुस्तकी बोलणं नव्हतं. भीमाबाईंना चौदा लेकरं झाली. बाबासाहेब चौदावे. जगून मोठी झाली ती पाचच. भीमाबाई १८९६ साली गेल्या, तेव्हा भीमा पाच वर्षांचा. पुढं रमाईच्या पोटची चार लेकरं लहानपणीच गेली, एकटा यशवंत उरला. शेवटचा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. म्हणजे कौन्सिलातल्या त्या भाषणाच्या पुरती दोन वर्षं आधी. आपण रमाईच्या त्यागाची गाणी म्हणतो. म्हणावीत. पण चार लेकरं जाणं हा त्याग नसतो, मित्रांनो. त्याग माणूस स्वतःहून करतो. रमाईपासून तर हे हिसकावलं गेलं होतं. कुणी हिसकावलं, ते विचारायचं सोडून आपण नुसते हात जोडतो.

१९५६ नंतर आपल्या वस्तीत "देवानं नेलं" म्हणणं बंद झालं. चांगलं झालं. पण त्याच्या जागी आपण काय ठेवलं? "कमजोरच होतं," "टिकलं नाही," "नशीब." हे देवाचेच धाकटे भाऊ. बुद्धानं सांगितलं, कारणाशिवाय काही घडत नाही. मग दीड-दोन किलोचं लेकरू जन्माला येतं आणि आठवड्यात जातं, त्याचं कारण शोधायचं की नाही? मी गोंदिया भागातला. मी ते कारण कायद्याच्या इतिहासात शोधत गेलो. आईला विश्रांती आणि अन्न देण्याची भाषा या देशात जवळजवळ शंभर वर्षांची आहे. पण दर वेळी दारावर एक व्याख्या उभी केली गेली, आणि आमची माय दर वेळी त्या व्याख्येच्या बाहेर राहिली. मला मांडायचं आहे ते एवढंच.

त्याच १९२८ साली लुसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टरीण मुंबईत आली. गरोदर गिरणी कामगार बाया रक्त कमी होऊन का मरतात, याचा शोध घ्यायला. लोक म्हणत जंतू असतील. तिनं बायांच्या घरचं ताट बघितलं. ताटात पालेभाजी नाही, फळ नाही, दूध नाही. तिनं त्यांना यीस्टचा अर्क चारला आणि बाया सुधारल्या. १९३१ साली तिनं हे छापून सांगितलं. अन्नातली जी वस्तू कमी पडत होती तिला पुढं फॉलिक अॅसिड हे नाव मिळालं, तेही पानावरून, कारण १९४१ साली ती पालकाच्या पानातून वेगळी काढली गेली. आज आशाताई जी गोळी वाटते तिच्यात लोहाबरोबर हेच असतं. म्हणजे औषधाच्या बाजूनं गोष्ट तेव्हाच उघड झाली होती : मायच्या ताटात नाही ते लेकराच्या अंगात कुठून येणार? आणि कायद्याच्या बाजूनंही उघड झाली होती, कारण १९२९ साली मुंबईचा बाळंतपण लाभ कायदा झाला.

पण मुंबईचा कायदा आमचा नव्हता. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात, आणि भंडारा मध्यप्रांतात. आम्ही मुंबई राज्यात आलो १ नोव्हेंबर १९५६ ला. जिल्हा म्हणून गोंदिया वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. मध्यप्रांतानं १९३० साली आपला वेगळा बाळंतपण लाभ कायदा केला. कागद झाला. आता त्या कागदाचं दार बघा. लाभ मिळणार फॅक्टरीतल्या बाईला. फॅक्टरी म्हणजे काय? तर जिथं यंत्रशक्ती चालते आणि ठरावीक संख्येनं माणसं कामाला आहेत ती जागा. गोंदियात बायांना काम देणारा मोठा धंदा कोणता? बिडी. बिडीला कोणती यंत्रशक्ती लागते? एक सूप, एक कैची, पत्ता कापायचा फरमा, धागा, जर्दा आणि बाईची दहा बोटं. यंत्र नाही म्हणजे फॅक्टरी नाही. फॅक्टरी नाही म्हणजे कामगार नाही. कामगार नाही म्हणजे बाळंतपण नाही. लेकरं मात्र होतच होती.

ही फट सरकारला दिसत नव्हती असं नाही. मध्यप्रांत सरकारनं १९३७ साली यंत्राविना चालणाऱ्या कारखान्यांसाठी कायदा केला, त्यात बिडी, लाख आणि कातडी कमावण्याचे कारखाने घातले, बायांचे आणि पोरांचे कामाचे तास बांधले. पण एका छपराखाली किती माणसं बसली यावर कायदा लागणार असेल, तर मालक काय करेल? छप्परच मोडेल. तेंदूपत्ता नि तंबाखू सट्टेदाराच्या हाती देईल, सट्टेदार ती घरोघर वाटेल. बाई आपल्याच ओट्यावर बसून बिड्या वळेल. दिवा तिचा, पाणी तिचं, जागा तिची. हजाराच्या हिशेबानं मजुरी, त्यातून छाट म्हणून बिड्या बाजूला. छाटीची मजुरी नाही, पण छाटीच्या बिड्या परतही नाहीत. बिडीचा कारखाना घराघरात घुसला आणि कायदा रस्त्यावर उभा राहिला.

आमच्या बाया तेव्हा गप्प होत्या असं कुणी सांगत असेल तर त्याला हे सांगा. २० जुलै १९४२ ला नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या होत्या. त्या परिषदेच्या ठरावांत गिरण्या, बिडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे इथल्या कामगार बायांची नावानिशी दखल आहे. २१ दिवसांची किरकोळ रजा पाहिजे, महिनाभराची हक्काची रजा पाहिजे, इजा झाली तर भरपाई पाहिजे, म्हातारपणी पेन्शन पाहिजे. १९४२ साली! आणि त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कौन्सिलात मजूर खात्याचे मंत्री झाले. त्यांच्याच काळात १९४४ साली रेगे समिती नेमली गेली, आणि देशभरच्या कामगारांच्या हालाची जी मोजदाद तिनं केली तिच्यात बिडी कामगारही आले.

स्वातंत्र्यानंतर कायदे झाले. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा. १९६६ चा बिडी-सिगार कामगारांचा कायदा. या दुसऱ्या कायद्यानं पहिल्यांदा मान्य केलं की घरी बसून बिडी वळणारीही कामगार आहे आणि तिलाही बाळंतपणाचा लाभ आहे. मालक सुप्रीम कोर्टात गेले. १९७४ साली कोर्टानं कायदा उचलून धरला. १९७६ साली बिडी कामगारांच्या कल्याण निधीचा कायदा आला, बिडीवर उपकर बसला. १९३० ची फट बुजायला अशी छत्तीस वर्षं लागली, आणि वर कोर्टाची आठ.

बुजली का? मी तिरोडा, गोरेगाव, आमगाव या बाजूच्या म्हाताऱ्या बायांना विचारत फिरलो. बिडी वळून वळून ज्यांची बोटं वाकली अशा बाया. बाळंतपणाची सुट्टी किती मिळायची, असं विचारलं की त्या हसतात. एक म्हणाली, "सुट्टी कायची गा? सकारी पोट दुखे, तरी दुपारपर्यंत बिड्या वळल्या. पोरगी झाली, बाराव्या दिवशी पुन्हा सूप मांडीवर." दुसरीनं कायद्याचं सगळं भाष्य एका ओळीत केलं : "वहीत नाव घरच्या माणसाचं, हात माझे." सट्टेदाराच्या वहीत नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं. वळते बाई. आता बाळंतपणाचा लाभ मागायचा कुणी? सासऱ्यानं? फॅक्टरीच्या भिंतीनं जे केलं तेच वहीतल्या एका ओळीनं केलं. आणि सुपातली तंबाखूची भुकटी बाईच्या नाकातोंडात, कातडीत जात राहिली, पोटातल्या लेकरापर्यंत पोचत राहिली. पुढं २०१७ साली जीएसटी आला आणि बिडीवरचा उपकरही गेला. १९६१ आणि १९६६ चे कायदे २०२० च्या श्रम संहितांत गुंडाळले गेले. नाव बदललं. वहीतल्या ओळीचा प्रश्न तसाच आहे.

हे बिडीचं झालं. शेताचं काय? शेतमजूर बाई तर कुठल्याच व्याख्येत बसत नव्हती. आमचा जिल्हा धानाचा. आषाढ-श्रावणात रोवणा. चिखलात पिंडरीपर्यंत पाय, कंबर वाकलेली, एका हातात पऱ्ह्यांची जुडी. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत. आणि नेमका हाच काळ घरात दाणे संपण्याचा. मागच्या हंगामाचं धान सरलं, नवं यायला दिवाळी. म्हणजे काम सगळ्यात जड तेव्हा ताट सगळ्यात हलकं. या दिवसांत जिला सहावा-सातवा महिना असेल तिच्या पोटातल्या लेकराचं काय होत असेल, हे सांगायला पदवी लागत नाही. तरी पदवीवाल्यांनीही ते मोजून ठेवलं आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायांचा अभ्यास झाला. ज्या बायांच्या खाण्यात पालेभाजी, फळं, दूध जास्त, त्यांची बाळं जन्मताना मोठी भरली. ज्यांच्यावर कष्टाचा भार जास्त, त्यांची लहान. अडीच किलोच्या खाली भरलेलं बाळ थंडी धरत नाही, ओढून पीत नाही, साध्या खोकल्यानं जातं. गरोदर बाईला रोजच्यापेक्षा साधारण साडेतीनशे कॅलरी जास्त लागतात, म्हणजे जवळपास एका माणसाचं एका वेळचं हलकं जेवण. आमच्याकडं ते जास्तीचं जेवण तर नाहीच, वर रोवण्याचा खर्च त्याच अंगातून.

धानाच्या कोठारात राहून भाताशिवाय ताटात काय? पेज, शिळा भात, मिरची, कधी तरोट्याची नाहीतर अंबाडीची भाजी, तळ्यातले झिंगे मिळाले तर सण. पूर्वी ढेकीवर कांडलेल्या तांदळाला कोंड्याचा लाल पापुद्रा तरी असायचा. राईस मिलनं तांदूळ पांढराशुभ्र केला आणि त्यातलं जीवनसत्त्व कोंड्याबरोबर काढून घेतलं. धान उकडून मग गिरणीत घातलं तर ते बरंचसं दाण्यात मुरून राहतं, हे शास्त्रानं कधीच दाखवलं आहे. आमच्या भागातल्या उष्णा तांदळाला नाकं मुरडणाऱ्यांनी हे ऐकावं.

आता एक कडू गोष्ट. ती मालकाची नाही, सट्टेदाराची नाही, आपली आहे. आपल्या घरात बाई शेवटी जेवते. भांडं खरवडून जे निघेल ते. पोटुशी असली की वरून सल्ला : जास्त खाऊ नको, लेकरू मोठं होईल, बाळंतपण अडेल. बाळंत झाली की हे खाऊ नको, ते खाऊ नको. पंचशील म्हणणाऱ्या घरात मनूचं ताट अजून मांडलं जातं. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीनं पी. जे. रोहम यांनी तो मांडला. वारंवारच्या बाळंतपणानं बाईचं शरीर मोडतं, हे सभागृहात बोलण्याचं धाडस आपल्या पक्षानं केलं. ठराव पडला. पण आपल्या घरात तो पास झाला का, हे प्रत्येक कार्यकर्त्यानं घरी जाऊन विचारावं.

सरकारच्या योजना कमी नाहीत. १९७० पासून लोहाच्या गोळ्या. १९७५ पासून अंगणवाडी. २००५ पासून दवाखान्यातल्या बाळंतपणाला पैसे. त्यानं फरक पडला, तो नाकारायचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणं २००५-०६ साली महाराष्ट्रात हजार जन्मांमागं ३८ लेकरं पहिल्या वाढदिवसाआधी जात होती. २०१९-२१ मध्ये हा आकडा २३ वर आला. पण त्याच पाहणीतला दुसरा आकडा बघा. रक्त कमी असलेल्या गरोदर बाया २०१५-१६ मध्ये शंभरात ४९, २०१९-२१ मध्ये शंभरात ४६. म्हणजे दवाखाना लेकराला मरणाच्या दारातून ओढून आणतो आहे, पण माय होती तिथंच आहे. तिच्या ताटात काही पडलेलं नाही.

कारण तेच. दार, आणि दारात व्याख्या. २०१० साली गरोदर बायांना पैसे देणारी इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजना आली. प्रयोगासाठी जे जिल्हे निवडले त्यात भंडारा होता. गोंदिया १९९९ लाच वेगळा झालेला. शिवाय अट : पहिल्या दोनच लेकरांपर्यंत. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं सांगितलं, गरोदर बाईला किमान ६००० रुपये. २०१७ साली प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली ती ५००० ची, आणि फक्त पहिल्या लेकरासाठी. २०२२ पासून दुसरं लेकरू मुलगी असेल तर ६०००. २०१५ साली आदिवासी क्षेत्रातल्या गावांत गरोदर बायांना रोज एक ताजं जेवण सुरू झालं. आदिवासी मायला मिळतं ते मिळालंच पाहिजे. पण यादीतलं गाव संपलं की भूक संपते का? आणि तिसऱ्या लेकराची माय म्हणजे जिचं रक्त आधीच दोनदा आटलं ती. जिला सगळ्यात जास्त गरज, तीच अटीनं बाहेर. १९३० साली यंत्र नव्हतं म्हणून बाहेर. मग वहीत नाव नव्हतं म्हणून बाहेर. आता लेकरांचा नंबर चुकला म्हणून बाहेर.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. १० बाळं गेली. देश हळहळला, मंत्री आले, चौकशी झाली. आग कशी लागली, हा प्रश्न विचारला गेला, तो विचारलाच पाहिजे होता. पण दुसरा प्रश्न कुणी विचारला नाही. अशा कक्षात बाळं का भरती करावी लागतात? कमी वजनाची, वेळेआधी जन्मलेली म्हणून. ती आग त्या रात्रीची नव्हती. मायच्या रिकाम्या ताटात ती नऊ महिने आधी पेटते.

उपाय नाही असं नाही. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९९५ पासून गावातल्याच बायांना शिकवलं : बाळाचं वजन करा, ऊब द्या, श्वास बघा, जंतुदोष ओळखा. त्या ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ साली जगानं ते वाचलं. २०११ पासून देशभरच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या त्या याच वाटेनं. कमी शिकलेली गावची बाई हे करू शकते, तर शिकलेला आंबेडकरी पोरगा काय करू शकत नाही?

म्हणून कार्यकर्त्यांना सांगणं आहे. एक वही करा. सट्टेदाराच्या वहीला उत्तर म्हणून आपली वही. वस्तीत कोण गरोदर आहे, कितवा महिना, वजन किती, हिमोग्लोबिन किती. सिकलसेलची तपासणी झाली का, हे आवर्जून लिहा. विदर्भात आपल्या समाजात हा आजार बराच आहे, आणि सिकल असलेल्या बाईचं रक्त नुसत्या लोहाच्या गोळीनं भरत नाही, तिला दवाखान्याची वेगळी देखरेख लागते. मातृवंदनेचा अर्ज कुठं अडला, का अडला, तारीख लिहा. बिडी वळणारीचं ओळखपत्र कुणाच्या नावावर आहे ते लिहा, आणि तिच्या नावावर करून घ्या. लेकरू गेलं तर त्याचं वजन आणि कारण लिहा, "नशीब" लिहू नका. वर्षाअखेर ती वही ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. भीमजयंतीच्या वर्गणीतून डीजेचे पैसे कापून रोवण्याच्या दोन महिन्यांत वस्तीतल्या गरोदर बायांना एक वेळचं डाळ, अंडं, भाजी घाला. आणि हे करताना मागणी सोडू नका : प्रत्येक मायला, प्रत्येक बाळंतपणाला, अटीशिवाय. १९२८ साली बाबासाहेबांनी मांडलेलं तत्त्व हेच होतं. आईची विश्रांती हे राष्ट्राचं काम आहे. ज्या मायला त्या राष्ट्रात धरलं गेलं नाही तिची नोंद आपण ठेवायची. वहीचं पहिलं पान या रोवण्याआधी भरलेलं पाहिजे.

जयभीम.